डेन्झिलच्या माडाखालची माती

डेन्झिल ऊसतोडीला अमेरिकेत गेला त्याला पंधरवडाही झाला नसेल, तोच त्याच्या माडावरून नारळाचं एक कोवळं बोंड आपोआप खाली पडलं. वारा नव्हता, उंदीर दिसत नव्हता, कुणी दगडही मारला नव्हता. त्याची आई आयोनी फेसी अंगणात शेळीला केळ्यांची सालं घालत होती. बोंड घरंगळत तिच्या पायाशी येऊन थांबलं. तिनं ते उचलून पाहिलं, देठाशी काळं पडलं होतं. इकडेतिकडे बघून तिनं ते ॲप्रनच्या खिशात दडवलं आणि चुलीत नेऊन टाकलं. कुणी पाहिलं नाही म्हणजे झालं नाही, असा तिचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी तीन पडली. त्यानंतर ती मोजायच्या भानगडीत पडली नाही.

त्या साली अख्ख्या जमैकात माडांना तो पिवळा रोग लागला होता. खाली किनाऱ्यावर मैलच्या मैल माड शेंडा गमावून नुसते खांब होऊन उभे होते. बोंडं गळायची, फुलोऱ्याची पोय काळी पडायची, मग खालच्या झावळ्या पिवळ्या व्हायच्या, मग वरच्या, आणि एके दिवशी सगळा शेंडाच मान टाकायचा. पण किनारा तो किनारा. आमच्या पोर्टलंड परगण्याच्या डोंगरातले लोक किनाऱ्यावरच्यांना तसेही अर्धवट समजतात, त्यामुळे रोग त्यांनाच होणार, आपल्याला नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. आता रोगाला काही चढण लागत नाही, हे सगळ्यांना कळायचं होतं. सगळ्यांत आधी ते आयोनीला कळलं, आणि तिनं तोंडाला कुलूप लावलं.

कारण तो माड साधा माड नव्हता. आमच्याकडे मूल जन्मलं की त्याची नाळ घराच्या आवारात पुरतात आणि त्यावर नवं झाड लावतात. ते झाड त्या मुलाचं. त्याची फळं त्याची, ती जागा त्याची. उद्या तो जगाच्या पाठीवर कुठंही गेला तरी अमुक ठिकाणचा म्हणून सांगायला त्याला तोंड असतं. बहुतेक लोक एवढ्यावर थांबतात. झाड वादळात गेलं तर चुकचुकतात आणि दुसरं लावतात. आयोनी तेवढ्यावर थांबणाऱ्यांतली नव्हती, आणि तिला तसं कारणही होतं.

तिची पहिली मुलगी मर्लीन. तिचं झाड संत्र्याचं होतं. मर्लीन रांगायला लागली तेव्हा संत्र्याला गुडघाभर उंचीची हिरवीगार फूट आली होती. एके दुपारी आयोनीच्याच शेळीनं दावं सोडवून ते रोप बुडापर्यंत खाल्लं. त्याच आठवड्यात मर्लीन तापानं गेली. त्या वर्षी ताप गावातल्या बऱ्याच घरांत होता आणि आणखीही मुलं गेली, त्यांची झाडं मात्र ठणठणीत उभी होती. पण हे आयोनीला कोण सांगणार? दावं तिनं स्वतः बांधलं होतं. ती गाठ ढिली बांधली होती की घट्ट, हे आठवण्यात तिनं किती रात्री घालवल्या देव जाणे.

मग डेन्झिल झाला. नवरा इंग्लंडला कामाला गेला तो गेलाच, त्यामुळे आयोनीला एवढा एकच. सुईण अडाईनाबाई म्हणाली, या पोराला माड लावू, माड सहजासहजी मरत नाही. भर सकाळी दोघींनी मिळून खड्डा खणला, मूठभर मीठ टाकलं, फडक्यात गुंडाळलेली नाळ ठेवली आणि वर कोंब आलेला नारळ तिरका बसवला. आयोनीनं त्याभोवती बांबूचं असं कुंपण घातलं की शेळी सोडा, कोंबडीचं पिल्लू शिरणार नाही. त्या दिवसापासून ती त्या माडाकडे डोळ्यांत तेल घालून बघत आली. पोराच्या आंघोळीचं पाणी त्याच्या बुंध्याशी. पोराला ताप आला की त्याला उचलून माडाला मिठी मारायला लावायची. “धर घट्ट. तो बरा तर तू बरा,” असं सांगायची. डेन्झिल मोठा होऊन सहा फुटी झाला तरी परगावी जाताना आईचं मन राखायला माडाला मिठी मारून निघायचा. वर शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “चला, भावाचा निरोप घेतला.”

शेजारच्या मिस क्लॅरिबेलचं (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात) स्वतःचं झाडही माडच होतं, चांगलं साठ वर्षांचं. नाताळच्या आधी त्याचा शेंडा गेला. क्लॅरिबेल कुंपणाशी येऊन उभी राहिली.

“माझा माड गेला, पाहिलास का आयोनी? आणि मी बघ, अजून तुझ्या डोक्यावर मिरे वाटायला जिवंत आहे.”

“तुझे गुडघे दुखतात ना हल्ली?” आयोनी म्हणाली.

“माझे गुडघे दहा वर्षं दुखतायत.”

“हल्ली जास्त दुखतायत.”

“अगं बये, रविवारच्या भाताला नारळाचं दूध मिळेना, ते रड आधी. काल नुसत्या पाण्यात घेवड्याचा भात शिजवला. घास घशाखाली उतरेना.” क्लॅरिबेलनं मान वर करून डेन्झिलच्या माडाकडे पाहिलं. “तुझाही पिवळा दिसतोय गं खालून.”

“ऊन पडलंय त्याच्यावर,” आयोनी म्हणाली आणि घरात गेली. आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. ऊन नव्हतंच, आभाळ भरून आलं होतं, आणि क्लॅरिबेललाही ते दिसत होतं.

शेतीखात्याचे लिंबर्टसाहेब आले ते लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. रोगट माडावर फुली मारायची, तो तोडून जाळायचा, आणि त्याच्या बदल्यात रोग न लागणारी मलायाच्या बुटक्या माडांची रोपं फुकट द्यायची, असं त्यांचं काम. माणूस वाईट नव्हता. आयोनीच्या आवारातल्या तीन माडांवर त्यांनी फुल्या मारल्या. चौथ्याजवळ आले तर आयोनी बुंध्याला पाठ लावून उभी.

“बाई, बाजूला व्हा.”

“याला काही झालेलं नाही.”

“वर बघा, अर्ध्या झावळ्या पिवळ्या झाल्यात. महिना-दोन महिन्यांत आपोआप जाईल. तोडलात तर निदान दुसऱ्यांचे वाचतील.”

“तीन न्या. चौथा नाही. साहेब, तुम्हाला लेकरं आहेत ना?”

साहेब इथलेच होते. त्यांनी माडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. “कुठं असतो?” त्यांनी हळूच विचारलं.

“फ्लोरिडात. ऊस तोडतो.”

“रोपं जास्त ठेवून जातो,” एवढं बोलून ते गेले.

रोपं पडवीत ओळीनं ठेवलेली होती आणि आयोनी त्यांच्याकडे बघत बसली होती, तेव्हा तिच्या डोक्यात तो विचार आला. भेदरलेल्या माणसाचा विचार असतो तसाच होता, पहिल्यांदा ऐकायला एकदम पटणारा. माड मरणार. नाळ तर त्याच्याखालीच आहे. मग नाळच तिथून हलवली तर?

तिनं रविवार निवडला. सगळी वस्ती बॅप्टिस्ट देवळात गेलेली, डोंगरावरून गाण्याचा आवाज खाली येत होता. जन्मात कधी प्रार्थना न चुकवलेली आयोनी माडाच्या बुंध्याशी गुडघे टेकून कोयत्यानं माती उकरत होती. मुळांचं जाळं इतकं दाट होतं की बोटं सोलून निघाली. फडकं नव्हतं, नाळ नव्हती, काहीच नव्हतं. सव्वीस वर्षांत राहील काय? नुसती काळी ओलसर माती होती. ती हातात घेऊन आयोनी बराच वेळ बसली. मग तिनं ठरवलं की हीच नाळ. तिनं टोपली भरली.

आणि ती माती तिनं एका झाडाखाली घातली नाही. एकच झाड होतं म्हणून तर जीव असा टांगणीला लागला, असं तिला वाटलं. चार ठिकाणी ठेवलं तर एखादं गेलं तरी बाकीची धरून ठेवतील. त्या आठवड्यात तिनं घराला चारी बाजूंनी झाडांचा वेढा घातला. पुढच्या वाटेला दोन्हीकडे बुटके माड. मागे मोरीच्या पाण्यावर नीरफणसाची पोरं, तीही शेजाऱ्यांच्या झाडांच्या मुळांतून फुटलेली, मागून आणलेली. उताराच्या कडेला अकीचं फळझाड, पाण्याच्या पिंपाशी मसाल्याचं ऑलस्पाइस, आणि कुंपणाला भोपळ्याएवढी फळं धरणारं कॅलबॅश. प्रत्येक खड्डा गुडघाभर, तळाला चुलीची राख आणि शेळीच्या लेंड्या, माडाला मीठ, आणि सगळ्यांत शेवटी त्या टोपलीतली एक-एक मूठ. मूठ टाकताना ती ओठांतल्या ओठांत डेन्झिलचं नाव घ्यायची. मग बांबूचं कुंपण. संत्रं मात्र लावलं नाही.

वस्तीला करमणूक झाली. “मिस आयोनी मळा काढतेय वाटतं, मजूर कधी लावणार?” असं वाटेवरून जाणारे विचारायचे. क्लॅरिबेल म्हणायची, “घराला सावली करतेय म्हणे. अगं, अशानं घरच दिसायचं नाही. टपालवाला पत्र कुठं टाकील?”

टपालवाला पत्र आणतच नव्हता. डेन्झिल दर पंधरा दिवसांनी चार ओळी लिहायचा, त्या जानेवारीपासून बंद झाल्या. आयोनीनं त्याला माडाबद्दल एक अक्षर कळवलं नव्हतं. कळवलं तर खरं होईल, ही भीती.

आणि रोपांनी धीर देण्याऐवजी तिचा उरलासुरला जीव खाल्ला. आधी एका झाडाची काळजी होती, आता दहाबारांची. पहाटे उठून ती प्रत्येक रोपाची पानं उलटसुलट करून बघायची. नीरफणसाचं एक पोर मान टाकून सुकलं तेव्हा तिला वाटलं, हा त्याचा हात असेल की पाय? ऊस तोडणाऱ्याच्या हातात दिवसभर कोयता असतो. तिनं डोळे मिटले की तिला तो कोयताच दिसायचा. अकीच्या पानाला अळीनं भोक पाडलं तरी ती दिवसभर ते रोप राखत बसायची. खाणंपिणं सुटलं. ॲप्रनची नाडी दोन वेढे घेऊन बांधावी लागायला लागली.

फेब्रुवारीतल्या एका स्वच्छ सकाळी, आयोनी कपडे वाळत घालत असताना, डेन्झिलच्या माडाचा शेंडा खाली आला. काही फार आवाज झाला नाही. ओला कपडा पडावा तसा तो कुंपणावर पडला, आणि वर आभाळात नुसता खांब राहिला. आयोनी हातात चादर धरून तशीच उभी राहिली. तिला रडूही आलं नाही. तिला एवढंच कळलं की आता बातमी येणार, आणि ती ऐकायला घरात कुणीतरी असायला हवं. म्हणून ती आत जाऊन खुर्चीवर बसली आणि दाराकडे बघत राहिली. तिचे ते दिवस कसे गेले ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. क्लॅरिबेल येऊन चूल पेटवून जायची.

आठवड्याभरानं, उन्हं कलताना, वाटेवरच्या दोन बुटक्या माडांच्या मधून डेन्झिल चालत आला.

ऊस एप्रिलपर्यंत चालतो. त्याला यायला अजून दोन महिने होते. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, हातात बॅग. तो फाटकाशी थांबला आणि त्यानं आयोनीकडे न बघता आधी वर, त्या खांबाकडे पाहिलं. आयोनी उठून दारात आली. पोर तिकडे गेलं आणि हे त्याचं भूत निरोप घ्यायला आलं, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका उरली नाही.

“तिथंच थांब,” ती म्हणाली.

“आई, मी आहे.”

“थांब म्हणते ना.”

ती स्वयंपाकघरात गेली आणि मुठीत मीठ घेऊन आली. मेलेलं माणूस मिठाला शिवत नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. फाटकाच्या अलीकडे उभं राहून तिनं हात पुढे केला.

“जीभ काढ.”

“आई...”

“काढ जीभ, डेन्झिल. तुझ्या पाया पडते.”

त्यानं जीभ काढली. तिनं त्यावर मिठाची चिमूट ठेवली. त्यानं तोंड वाकडं केलं, गिळलं, आणि खोकला. खोकला ऐकला तेव्हा कुठं आयोनी फाटकाला धरून खाली बसली.

सगळं दुसऱ्या दिवशी कळलं. त्याच्याच बरॅकमध्ये खालच्या वस्तीतला व्हर्नल होता. व्हर्नलच्या बायकोनं पत्रात सहज लिहिलं होतं की मिस आयोनीच्या पोराच्या माडालाही रोग लागलाय.

“आणि तू मला काही कळवलं नाहीस,” डेन्झिल म्हणाला. “मला वाटलं, तुला ठाऊक आहे की मी मरणार. म्हणून लपवतेयस. मग मलाही लिहवेना. त्या दिवसापासून कोयता हातात धरला की हात थरथरायचा. एकदा सुटला तो नडगीवर आला. पत्र्याचं कवच होतं म्हणून पाय राहिला. मग सरीत पाऊलच टाकवेना. मुकादम ओरडायचा, पोरं हसायची. मी निघून आलो.”

“बरं केलंस,” आयोनी म्हणाली. पोर समोर बसलं होतं, तिला दुसरं काही नको होतं.

पण तो उठून आवारात हिंडला, रोपांची उकरलेली माती पाहिली, खांबाच्या बुडाचा खड्डा पाहिला, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. तो तिचाच मुलगा होता.

“सगळ्यांत घातलीस?”

“एक-एक मूठ.”

“मग जे सुकलंय ते?”

आयोनी उठून भांडी घासायला लागली.

त्या दिवसापासून आवारात दोघं हिंडायला लागली. पहाटे आयोनी उठायची तर डेन्झिल आधीच रोपांपाशी बसलेला असायचा. पान उलटायचा, बुडाशी बोट घालून ओल बघायचा. बाजाराला जाणाऱ्या ट्रकमध्ये बसेना. झाडावर चढेना. नदीवर पोहायला जाईना. एकदा पडवीत बसून तो कॅलबॅशच्या रोपाकडे एकटक बघत असताना आयोनीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती चरकली. आरशात तिला रोज दिसायचं तेच तोंड होतं ते, फक्त सव्वीस वर्षांचं.

मग क्लॅरिबेलची शेळी सुटली. कुंपणाचे दोन बांबू वाकवून ती आत घुसली आणि वाटेवरच्या एका बुटक्या माडाचा कोंब तिनं मुळापासून खाऊन टाकला. क्लॅरिबेल धावत आली, शेळीला बदडलं, स्वतःला बदडलं, दुसरं रोप आणून देते म्हणाली. डेन्झिल आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला, आणि दुपारपर्यंत त्याला असं कापरं भरलं की खाट वाजत होती. दवाखान्यातल्या नर्सबाई येऊन बघून गेल्या. ताप नाही, नाडी ठीक आहे, म्हणाल्या. काही खात का नाही ते विचारा त्याला. त्यानं दुसऱ्या दिवशीही काही खाल्लं नाही, तिसऱ्याही नाही. ओठ पांढरे पडले.

आयोनी दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. मर्लीनही शेवटी अशीच भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला भयंकर भीती वाटत होती, पण त्या भीतीतही तिला स्वच्छ दिसत होतं की हा मरतोय तो माडामुळे नाही. हा मरतोय तो माझ्या भीतीनं. ती मीच त्याला भरवली, माडाला मिठी मारायला लावून, तान्हा होता तेव्हापासून.

ती खाटेशेजारी जाऊन बसली.

“डेन्झिल, तुला एक सांगायचंय. तो माड तुझा नव्हता.”

तिनं त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

“तू झालास तेव्हा अडाईनाबाई म्हातारी झाली होती. तिनं फडकं चुलीपाशी ठेवलं आणि तिला डुलकी लागली. जागी होऊन बघते तर फडकं आहे, नाळ नाही. मांजरानं नेली का उंदरानं, देवाला ठाऊक. माझ्या पाया पडायला लागली, बाई, माझी अब्रू जाईल म्हणून. मग आम्ही काय केलं, कोंबडी कापली होती तिचं आतडं फडक्यात बांधलं आणि पुरलं. वरती माड लावला.”

भिंतीकडूनच आवाज आला, “कोंबडीचं?”

“कोंबडीचं.”

“म्हणजे इतकी वर्षं मी कोंबडीच्या आतड्याला मिठ्या मारत होतो.”

“लोकांना संशय येऊ नये म्हणून.”

तो उठून बसला. डोळे लाल होते. “आणि ही सगळी नवी झाडं? ती कशासाठी लावलीस मग?”

एवढा विचार आयोनीनं केलाच नव्हता. “लोक बघत होते ना,” ती म्हणाली. “सव्वीस वर्षं सोंग केलं, मध्येच कसं टाकू? आणि मग माझंच सोंग मला खरं वाटायला लागलं. म्हातारी झाले रे.”

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तसं त्यानं याआधी कधी पाहिलं नव्हतं, पुढेही ती ते विसरली नाही. मग त्यानं विचारलं, “मग मी कुठला, आई?”

आमच्याकडे हा प्रश्न साधा नाही. भांडणात एखाद्याला खोलवर लागेल असं बोलायचं तर लोक म्हणतात, तुझी नाळ तरी कुठं पुरलीय रे. आयोनीच्या जिभेवर खरं आलं होतं. इथला आहेस, याच मातीतला, माझ्या हातांनी पुरलीय. तिनं ते गिळलं. मिठापेक्षा खारट होतं ते.

“जाशील तिथला,” ती म्हणाली.

तो उठला. पडवीतून कुऱ्हाड घेतली आणि त्या खांबाकडे गेला. आयोनी त्याच्या मागोमाग गेली आणि चार पावलांवर उभी राहिली. तिचा विश्वास तसूभर हलला नव्हता, हे इथं सांगायला हवं. तिच्या लेखी तिचा मुलगा स्वतःच्या हातानं स्वतःच्या नाळेवर कुऱ्हाड घालत होता. धावत जाऊन त्याचा हात धरावा, पाया पडावं, सगळं खोटं होतं म्हणून सांगावं, असं तिच्या सगळ्या अंगाला वाटत होतं. पहिला घाव पडला तेव्हा तिनं दोन्ही हात ॲप्रनखाली नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. प्रत्येक घावाला ती त्याच्या पाठीकडे बघत होती, तो कोसळतो का म्हणून. तोंडावर मात्र काही दाखवायचं नव्हतं, कारण तो मधूनमधून वळून तिच्या तोंडाकडेच बघत होता. एकदा तर त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि नीट निरखून पाहिलं.

“थांबलास का?” आयोनी म्हणाली. “तोड की. मला तिथं टोमॅटो लावायचेत.”

खांब पडला. डेन्झिल उभा राहिला. घामानं निथळत होता, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यानं पाणी मागितलं आणि मग म्हणाला, “घरात काय आहे खायला?” आयोनीनं आत जाऊन केळी आणि खारवलेला मासा वाढला, आणि तो खात असताना ती मागच्या दारी जाऊन ओकली.

त्यानंतर तो बरा झाला, पण तिच्याशी गोड वागला नाही. रागावलेल्या माणसासारखा खायचा, काम करायचा, ट्रकवर चढून बाजारात जायचा. नवी रोपं मेली काय, जगली काय, वळून बघायचा नाही. हात थरथरायचा थांबला. ऑक्टोबरात ऊसतोडीची भरती निघाली तेव्हा त्यानं आईला न विचारता नाव दिलं. दारूच्या दुकानात बसून त्यानं कोंबडीच्या आतड्याची गोष्ट सगळ्यांना हसत-हसत सांगितली होती, त्यामुळे आयोनीकडे बघून तोंड फिरवणारी माणसंही वस्तीत दिसू लागली. पोराची नाळ मांजराला घातली बाईनं, आणि वर माडाचं केवढं नाटक. बिचारी अडाईनाबाई कधीच देवाघरी गेली होती, तिच्या नावालाही काळिमा लागला. आयोनीनं तेही ऐकून घेतलं.

बस थांब्यापर्यंत क्लॅरिबेल तिच्यासोबत आली. डेन्झिल बॅग टपावर टाकून चढला, खिडकीतून एकदा हात हलवला, आणि बस वळणाआड गेली.

“दोन-तीन वर्षं करील आणि तिकडेच राहील असं म्हणत होता,” क्लॅरिबेल म्हणाली.

“म्हणत होता.”

“आयोनी, डेन्झिलच्या वेळी पाणी तापवायला मी होते. अडाईनाबाईनं नाळ कापली तेव्हा फडकं मीच फाडून दिलं होतं. कुणाचा डोळा लागला नव्हता त्या दिवशी.”

आयोनीनं तिचं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की क्लॅरिबेलनं दुसऱ्या हातानं तिची बोटं एक-एक करून सोडवली.

“मी कशाला बोलू? माझ्या शेळीनं आधीच पुरेसं करून ठेवलंय,” ती म्हणाली. “पण त्याला परत यायला इथं काही ठेवलंच नाहीस गं तू. नाही आला तर?”

“नाही आला तर नाही,” आयोनी म्हणाली. “कुठंतरी न घाबरता निजत असला म्हणजे झालं.”

आणि दोघी चढ चढायला लागल्या, क्लॅरिबेलचे गुडघे दुखत होते म्हणून हळूहळू.